सूर्य छतावर, लोचा वायरमध्ये!

पॅनल भारीतलं, बॅटरी नवी कोरी, इन्व्हर्टर ब्रँडेड. तरी रात्री नऊला पंखा बंद! गावाकडच्या घरी सोलर बसवायचा प्लॅन करताय? मग बजेटमध्ये ज्या ओळीपुढे आपण ‘वगैरे’ लिहितो, आधी ती ओळ बघा.

शनिवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला की दोनच शक्यता असतात. एक तर राँग नंबर, नाही तर गाव. या वेळी गाव होतं. देवगाव फाट्याहून मामा.

“अगं, ते सोलर बसवलंय ना आपण, त्याची बॅटरी भरंनाच झाली. रात्री नऊच्या पुढं पंखा चालंना. तू जरा तिकडं नेटवर बघून सांग बरं.”

मामाच्या लेखी मी पुण्यात राहते आणि लॅपटॉपवर काम करते, म्हणजे मला सगळंच कळतं. आता मास कॉमच्या दोन वर्षांत आम्हाला हेडलाइन, डेडलाइन आणि बायलाइन असं सगळं शिकवलं. व्होल्टेज ड्रॉप मात्र कुणी शिकवला नाही. पण मामी उन्हाळ्यात रात्रभर पुठ्ठ्याने वारा घालत बसते हे कळल्यावर ‘मामा, मी आर्ट्सची’ असं म्हणता येत नाही. ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं आणि जालन्याच्या दिशेने निघाले.

जालन्याहून मंठा मागे टाकलं की जिंतूरच्या रस्त्यावर देवगाव फाटा लागतो. इथूनच सेलूकडे जाणारा रस्ता फुटतो. तालुका सेलू, जिल्हा परभणी. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला आणि दुपारी फाट्यावर चहाच्या टपरीखेरीज कुठेच हालचाल नाही. ‘लोडशेडिंग’ हा शब्द पुण्या-मुंबईत आता गेट-टुगेदरमध्ये हसत हसत आठवण्यापुरता उरलाय. इथे लाइट जाण्याची कारणं वेगळी असतात. डीपी जळाली, वारं सुटलं, कुठल्या तरी तारेवर आकड्यांचा भार झाला. लाइट जाते आणि मग वायरमनची वाट बघायची.

सबसिडीचं सोलर आणि मामाचं सोलर

इथे एक गैरसमज आधी दूर करू, कारण माझाही तोच होता. पीएम सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली. एक कोटी घरांचं टार्गेट, तीन किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजारांची सबसिडी. सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी त्याच वर्षी राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून गाजली. मस्त स्कीम आहे, वीजबिल धाडकन खाली येतं. पण हे साधं ऑनग्रिड सोलर लाइट गेली की स्वतःही बंद पडतं! भर दुपारी, कडक उन्हात, छतावर तीन किलोवॅट असताना घरात अंधार. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. खांबावर वायरमन चढलेला असताना तुमच्या छतावरून तारेत करंट गेला तर त्याच्या जिवावर बेतेल.

म्हणजे प्रश्न बिलाचा असेल तर ऑनग्रिड. प्रश्न मामीच्या पंख्याचा असेल तर बॅटरी हवी. मामाने दुसरा मार्ग धरला. १६५ वॅटचं एक पॅनल, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, १२ व्होल्टचा छोटा इन्व्हर्टर, मध्ये एक चार्ज कंट्रोलर. दोन पंखे, चार दिवे, टीव्ही आणि मोबाइल. हिशेब अगदी बरोबर होता. दुकानदाराने फिटिंगसकट ‘पॅकेज’ दिलं होतं.

आणि पॅकेजमध्ये वायर होती... घरातल्या दिव्याला वापरतात ती, दीड एमएमची, लाल-काळी.

बारा व्होल्टचा हिशेबच वेगळा

घरात वायरिंग करून घेतलं असेल तर हे आकडे तुमच्या कानावर असतील: दिव्याला दीड, प्लगला अडीच, गिझर-एसीला चार. आपण म्हणतो एमएम, पण ते असतात चौरस मिलिमीटर. म्हणजे आतल्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. २३० व्होल्टला हे गणित झकास चालतं. सहाशे वॅटचं काहीही लावा, करंट जातो जेमतेम अडीच अँपिअर.

आता तेच सहाशे वॅट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढा. करंट होतो पन्नास अँपिअर! इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो ते धरलं तर साठ. वॅट तेवढेच, पण वायरला वॅट कळत नाहीत, तिला फक्त अँपिअर कळतात. सगळी गोम इथे आहे, आणि घराचं वायरिंग वर्षानुवर्षं सुरेख करणारे मिस्त्रीसुद्धा इथेच चकतात.

मी जिन्याने वर गेले. पॅनल मागच्या बाजूला पत्र्यावर, बॅटरी पुढच्या खोलीत. ‘पाहुण्यांना दिसावी म्हणून,’ इति मामी. मोजलं तर वायर पंधरा मीटर जात होती. जायचे पंधरा आणि यायचे पंधरा, म्हणजे तीस. हे यायचे पंधरा नव्वद टक्के लोक विसरतात.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा, मोबाइलमधलाही चालेल. तांब्याची एक मीटर लांब आणि एक चौरस मिमी जाडीची तार साधारण ०.०१७५ ओहमचा अडथळा करते. त्याला एकूण लांबीने गुणा, वायरच्या चौरस मिमीने भागा. मामाच्या केसमध्ये ३० गुणिले ०.०१७५ भागिले १.५, म्हणजे ०.३५ ओहम. पॅनलचा करंट नऊ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार तीन व्होल्टच्या वर. एवढे व्होल्ट नुसते रस्त्यातच गायब!

तीनच तर, असं वाटेल. पण पॅनलवरचे १८ व्होल्ट हे २५ अंशांच्या टेस्टिंग लॅबमधले असतात. परभणी जिल्ह्यातल्या पत्र्यावर मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं आणि तापलं की त्याचे व्होल्ट उतरतात. अठराचे होतात पंधराच्या आसपास. त्यातले तीन वायरने खाल्ले की उरले बारा. आणि १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण भरायला लागतात साधारण १४.४. पाण्याची टाकी नळापेक्षा उंच असली की पाणी वर चढत नाही, अगदी तसंच. प्रत्यक्षात करंट आक्रसतो, थोडं थोडं चार्जिंग होत राहतं, बॅटरी अर्धवट भरते आणि रोज अर्धवट राहून राहून महिन्या-दोन महिन्यांत आतून कमजोर व्हायला लागते. मामा बॅटरी बदलायच्या बेतात होता. म्हणजे दहा-पंधरा हजारांचा भुर्दंड, दोष मात्र वायरचा.

वॅटमध्ये मोजायचं तर पूर्ण करंट वाहत असता ही वायर २८ वॅट गिळते. हल्ली तो बीएलडीसी पंखा येतो ना, तो साधारण तेवढ्याच वॅटवर चालतो. थोडक्यात काय, मामीचा पंखा भिंतीच्या कडेने वायरमध्ये फिरत होता.

जाडी वाढवा, की अंतर कमी करा?

वायर चारची टाकली तर हाच तोटा येतो १.२ व्होल्टवर. सहाची टाकली तर ०.८. बरं. पण त्याहून भारी उपाय फुकट होता: बॅटरीच उचलून मागच्या ओट्यावर नेली. अंतर पंधराचं दहा झालं आणि सहाच्या केबलमध्ये ड्रॉप जेमतेम अर्धा व्होल्ट. १२ व्होल्टची बाजू शक्य तितकी आखूड ठेवायची आणि २३० व्होल्टची लांबवायची. इन्व्हर्टरपासून पुढच्या खोलीपर्यंत साधी अडीचची वायर नेली तरी काही बिघडत नाही. मामी जरा हिरमुसली. पाहुण्यांना आता बॅटरी दिसणार नव्हती.

आणखी एक मार्ग आहे. दोन पॅनल असतील तर ती सिरीजमध्ये जोडायची. व्होल्ट दुप्पट आणि करंट एकाच पॅनलएवढा, म्हणजे दुप्पट वॅट त्याच वायरमधून, तेवढ्याच तोट्यात. पण त्यासाठी कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा हवा. साधा पीडब्ल्यूएम असेल तर वरचे व्होल्ट वाया जातात. आणि कंट्रोलरची कमाल व्होल्टची मर्यादा आधी बघा. थंडीत पॅनलचे व्होल्ट चढतात आणि परभणीचा पारा डिसेंबरात एक आकडी होतो, हे तिथे कुणालाही विचारा.

जगात जर्मनी, भारतात परभणी

ही म्हण ऐकल्याशिवाय परभणीचा माणूस तुम्हाला सोडत नाही. सोलरच्या बाबतीत तिच्यात थोडं तथ्यही आहे बरं का. २००० साली जर्मनीने कायदा करून छतावरच्या विजेला ठरावीक दर बांधून दिला आणि तिथे घराघरांवर पॅनल चढली. मग प्रश्न आला की वीस-पंचवीस वर्षं उन्हा-पावसात टिकणारी वायर आणि जोड कुठून आणायचे? आज आपण ‘सोलर केबल’ म्हणतो ती या गरजेतून आलेली चीज. आतली तार कथिल चढवलेल्या तांब्याची आणि बारीक बारीक धाग्यांची, वर दोन थरांचं आवरण जे उन्हाने तडकत नाही. युरोपातलं तिचं मानक ईएन ५०६१८, आपल्याकडचं आयएस १७२९३, ते २०२० मध्ये आलं. केबलवर दर मीटरला हे छापलेलं असतं, सोबत १५०० व्होल्ट डीसी आणि जाडी. छापील काही नसेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी पुढच्या दुकानात जा.

घरातली पीव्हीसीची वायर छतावर टाकली तर? पहिलं वर्ष काही होत नाही. मग ती कडक होते, भेगा पडतात, पावसाचं पाणी आत जातं, आणि पत्र्याच्या धारेवर वारा तिला रोज थोडी थोडी कापत असतो. केबल पत्र्यावरून मोकळी सोडू नका, पाइपातून न्या. उंदीर आणि खारी यांना कोणतंही मानक मान्य नाही.

ताई, ही तर अॅल्युमिनियमची!

सेलूत वायर घ्यायला गेलो तेव्हा एक इलेक्ट्रिशियन दादा भेटले, त्यांनी मला धडाच दिला. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. दिसायला डिट्टो, भावाला निम्मी, पण अॅल्युमिनियमचा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त. ओळखायची कशी? ब्लेडने एक धागा खरवडा. आतून पांढरी निघाली तर सोडून द्या. पण थांबा! खऱ्या सोलर केबलचा धागा वरूनच पांढरा असतो, कथिलामुळे. तिथे उलटं: खरवडल्यावर आत लाल दिसायला पाहिजे.

“आणि ताई, सगळ्यात सोपं म्हंजे काट्यावर ठेवा.”

हे मला जाम आवडलं. घरी येऊन गणित केलं. सहा चौरस मिमीच्या एका मीटरमध्ये साधारण ५३ ग्रॅम तांबं असतं. दहा मीटरचं वेटोळं घेतलं तर नुसतं तांबंच अर्ध्या किलोच्या वर, आवरण वेगळं. अॅल्युमिनियम असेल तर धातू भरतो दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. शिवाय काही वायरींवर सहा छापलेलं असतं आणि आत तांबं असतं चारचं; तेही काट्यावर उघडं पडतं. कुठल्याही किराणा दुकानात होणारी ही टेस्ट आहे, मल्टिमीटरसुद्धा नको.

टेप लावून ‘ओक्के’?

आता जोडांकडे येऊ, कारण खरी भीती तिथे आहे. बारीक वायर बॅटरी उपाशी ठेवते. वाईट जोड घर पेटवू शकतो.

पॅनलच्या मागून येणाऱ्या दोन वायरींना काळे, क्लिक होऊन बसणारे कनेक्टर असतात. त्यांना म्हणतात एमसी-फोर. मल्टी-कॉन्टॅक्ट नावाच्या स्विस कंपनीचं डिझाइन, आतली पिन चार मिमीची, म्हणून हे नाव. ती कंपनी आता स्टॉबली या नावाने ओळखली जाते. मामाच्या पॅनलचे हे कनेक्टर फिटिंगवाल्याने कापून टाकले होते! वायरींना पीळ मारला, वर काळी टेप. उन्हात टेपचा गोंद वितळला होता आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं. शिवाय कनेक्टर कापले की पॅनलची वॉरंटीही बहुधा गेलीच.

एमसी-फोर बसवायला क्रिम्पिंगचं खास टूल लागतं. पक्कडीने दाबलेली पिन वरून घट्ट दिसते, आत तारा सैलच राहतात. दाबून झाल्यावर वायर जोरात ओढून बघायची, सुटली तर सुटू दे, पुन्हा करा. मागचं नट नीट आवळलं नाही तर रबर बसत नाही आणि पाणी शिरतं. आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत बसतात म्हणून जोडू नका. क्लिक होईल, पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक काही वर्षांत जोड तापवतो. स्वतः स्टॉबलीही हेच सांगते.

बॅटरीच्या बाजूला तर कहरच होता. एका टर्मिनलचं प्लॅस्टिकचं झाकण वितळून वाकडं झालेलं. मामा म्हणाला, “उन्हानं झालं असंल.” खोलीत कुठलं ऊन! थिंबल हातोडीने ठोकून चपटं केलं होतं आणि वर कडी म्हणजे थिंबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये वॉशर. वॉशर वर हवा, नटाखाली; थिंबल थेट शिशाला भिडलं पाहिजे. अशा ढिल्या जोडाचा अडथळा अवघा एक शतांश ओहम धरला तरी साठ अँपिअरला तिथे ३६ वॅटची उष्णता तयार होते. मोबाइल रिपेअरवाल्याकडची सोल्डरिंग आयर्न असते पंचवीस वॅटची. तीच बॅटरीच्या डोक्यावर रोज रात्री तासन् तास ठेवलीय असं समजा. आणि खाली मामा-मामी झोपलेले.

तिथे आम्ही सोळा चौरस मिमीची लवचिक तांब्याची केबल टाकली, दीड मीटरच्या आत, क्रिम्प केलेली तांब्याची थिंबलं आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात, म्हणजे ती पांढरी-हिरवी पावडर धरत नाही. पंचवीसची मिळाली तर आणखी छान. लिथियमची बॅटरी असेल तर हे सगळं तेवढंच लागू. उलट ती करंट आणखी बिनदिक्कत देते.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. आमच्याकडे ८० अँपिअरचा बसला. १५० एएचची बॅटरी शॉर्ट झाली तर हजाराच्या वर अँपिअर सोडू शकते. त्या वेळी वायर म्हणजे हीटरची कॉइल! घरातला नेहमीचा एमसीबी इथे चालत नाही, त्यावर डीसी लिहिलेलं पाहिजे. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसी कधी शून्यावर येतच नाही, ठिणगी लांबत जाते. म्हणूनच भर उन्हात चालू असलेला एमसी-फोरही ओढून काढायचा नसतो.

काम करताना मामीने पॅनलवर गोधडी टाकली. जोक नाही, योग्य पद्धत तीच: सूर्याला स्विच नसतो. मग आधी कंट्रोलरला बॅटरी, नंतर पॅनल, काढताना उलट. सेलूच्या दादांनी अंगठी काढून खिशात ठेवली, पान्याला टेप गुंडाळली, खिडकी उघडली. भरताना लेड-अॅसिड बॅटरी हायड्रोजन सोडते आणि त्या खोलीत ठिणगी नको. मी फक्त टॉर्च धरला होता. असं काम येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. तुम्ही बिल तपासा, छापील अक्षरं वाचा आणि जोड ओढून बघा. एवढं पुष्कळ झालं.

केबल, कनेक्टर, थिंबल, फ्यूज मिळून बिल झालं तीन हजारांच्या आत. दादांनी मजुरी घेतली आणि वर मामीच्या हातचं पिठलं-भाकरी.

त्या रात्री मी पुण्याच्या गाडीत असताना पावणेअकराला मेसेज आला. अक्षरं नाहीत, नुसता फोटो: अंधारात हललेला, फिरता पंखा. बॅटरीला आधीचे दिवस भरून काढायला आणखी आठवडा लागला.

काल पुन्हा फोन. या वेळी सकाळी सहाला.

“अगं, फाट्यावरच्या चहावाल्यानंबी सोलर घ्यायचं काढलंय. तेच दुकान, तेच पॅकेज. मी म्हणलं, आधी वायर आण आन् किराणावाल्याच्या काट्यावर ठेव. किती ग्रॅम म्हणली होतीस गं तू? त्रेपन्न का?”